ज्याचं त्याला

आसोलीत हलगी वाजली की लोक आधी पायात चपला सरकवायचे आणि मग एकमेकांना विचारायचे, आज कुणाचं दार? नगरपरिषदेची निळी गाडी डॉक्टर मुळगुंदांच्या बंगल्यापुढे थांबली त्या दिवशी तर अर्धी बाजारपेठ दुकानं उघडी टाकून तिथे आली. डॉक्टरांनी तरुणपणी दवाखान्यातल्या सुया आणि सलाइनच्या नळ्या रीतसर जाळायला न पाठवता गावच्या कचऱ्यात गुपचूप मिसळल्या होत्या. आता त्या उपसून, धुऊन, निर्जंतुक करून, पारदर्शक पिशव्यांत भरून त्यांच्याच पायरीवर मांडल्या गेल्या. हा माल आपला नव्हेच, असं डॉक्टरांनी सांगून पाहिलं. गाडीबरोबर आलेल्या बाईंनी त्यांना पडद्यावरचा अहवाल दाखवला, तेव्हा ते पिशव्या आत घेऊ लागले.

त्या बाई म्हणजे रेणुका चौघुले, नगरपरिषदेच्या घनकचरा विभागाची प्रमुख अभियंता. ‘ज्याचं त्याला’ ही योजना तिच्याच डोक्यातून निघाली होती, आणि खरं सांगायचं तर हलगीची कल्पनाही तिचीच.

गावाबाहेर कित्येक दशकांचा कचरा साचून एक टेकडी झाली होती. तिला सगळे टेकाड म्हणत. उन्हाळ्यात ते आपोआप पेटे आणि पावसाळ्यात त्याचं काळं पाणी विहिरींत उतरे. मग शासनाचा नवा कायदा आला: टेकाडं रिकामी करा, आणि उपसलेलं पुन्हा कुठेही पुरू नका. माती शेतांना गेली, प्लास्टिक रस्त्यांना गेलं, लोखंड भट्टीला गेलं. उरलं ते कुणालाच नको होतं. सुया, बॅटऱ्या, सोनारांच्या तेजाबाच्या बाटल्या, कीटकनाशकांचे डबे. सर्वसाधारण सभेत नगरसेवक एकमेकांच्या वॉर्डाकडे बोटं दाखवू लागले, तेव्हा रेणुका उभी राहून म्हणाली की ज्याने टाकलं त्यानेच परत न्यावं. सभागृह हसलं. कुणी काय टाकलं हे इतक्या वर्षांनी ठरवणार कोण?

ते ठरवणारं यंत्र नुकतंच निघालं होतं. त्याचं नाव मागोवा. आपण कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारतो तेव्हा बोटांवरच्या मेलेल्या पेशी आणि घाम त्या गाठीच्या घडीत चिमटले जातात. टेकाडाच्या पोटात ना हवा ना उजेड, त्यामुळे पेशींतले डीएनएचे धागे तुटतात, पण अगदी नाहीसे होत नाहीत. प्लास्टिक कुजत नाही हा त्याचा मोठा दुर्गुण, इथे तोच कामाला आला. मागोवा गाठ उकलायचा, ते हजारो तुकडे गोळा करायचा, एकाचं टोक दुसऱ्याला जुळवत मूळ धागा उभा करायचा आणि रोजच्या घंटागाडीत घराघरांतून येणाऱ्या कचऱ्याशी तो ताडून पाहायचा. घर सापडलंच म्हणून समजा. कापडाची तर गोष्टच वेगळी. वर्षानुवर्षं अंगाला लागलेलं कापड माणसाला विसरत नाही. आणि कुठला थर कोणत्या सालचा, हे दुधाच्या पिशव्यांवर छापलेल्या तारखाच सांगत.

गावाने हाय खाल्ली. ज्यांच्या निर्व्यसनीपणाचे दाखले शाळेत दिले जात, त्या बापूसाहेबांच्या दारात बाटल्यांची दोन पोती उतरली. एका ठरलेल्या लग्नाची सुपारी मुलाकडच्यांनी परत पाठवली, कारण मुलीच्या घरची औषधांची जुनी रिकामी पाकिटं सगळ्या आळीने वाचली होती. लोक कचऱ्याची पिशवी बांधताना हातमोजे घालू लागले, पण त्याचा उपयोग फक्त पुढच्यासाठी होता. मागचं सगळं टेकाडात वाट पाहत होतं. एवढं मात्र खरं, की भीतीपोटी का होईना, घराघरांतून ओल्या कचऱ्याचे खड्डे झाले, डेपोवर येणारा कचरा निम्म्यावर आला, आणि शेजारच्या नगरपरिषदा रेणुकेला शाल-श्रीफळ द्यायला बोलावू लागल्या. एका बोहारणीची पोर. तिची आई अलकाबाई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार हिंडायची, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी द्यायची. त्या पोरीने गावाला शिस्त लावली, असं लोक तोंडावर कौतुकाने म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते वेगळं.

शिस्तीच्या बाबतीत रेणुका स्वतःच्या माणसांनाही सोडत नसे. उपसलेला माल ज्या सरकत्या पट्ट्यावर निवडला जाई, तिथे कुणाचा उघडा हात लागला तर नमुना बिघडायचा. म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याची आणि त्याच्या घरच्यांची ओळख मागोवाला आधीच पढवून ठेवली होती. घरच्यांचा अंश सापडला तर यंत्र तो पुसून टाकी. तो बिचारा कर्मचाऱ्याच्या कपड्यांबरोबर आलेला असायचा. पण कर्मचाऱ्याचा स्वतःचा अंश सापडला, की त्याच्या नावापुढे पिवळा दिवा लागे. नमुना रद्द, आणि माणूस पट्ट्यावरून खाली.

महिन्यापूर्वी असा दिवा दौलत शेळारच्या नावापुढे लागला होता, एका लाकडी भोवऱ्यावरून. बारा वर्षं इमानाने काम केलेला माणूस. मुलांची शपथ घेऊन सांगत होता, की मॅडम, माझा हात लागला नाही. रेणुका म्हणाली, “दौलत, यंत्राला ना मेहुणा ना पाहुणा.” आणि त्याला गटारसफाईवर धाडलं. तिला वाईट वाटलं होतं, पण तेवढंच.

त्या सकाळी ती काचेपलीकडच्या केबिनमध्ये चहा पीत बसली होती. पट्ट्यावरून एक बोचकं आलं. नायलॉनची साडी, कधीकाळी आंब्याच्या रंगाची असावी. चारपदरी घडी घालून दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या, झोळी करतात तशी. आत काहीच नव्हतं. चिमटे पुढे आले, गाठ उकलली, आणि पडद्यापुढे बसलेल्या निलोफर मुजावरने पट्टा बंद केला.

टेकाडातून आजवर पुष्कळ घाण निघाली होती, पण पडद्यावर आत्ता लागला तसा तांबडा दिवा कुणी पाहिला नव्हता. साडीवर गर्भजल होतं. नवजात बाळाच्या अंगावर जो पांढरा लेप असतो, त्याचे अंश होते. पट्ट्यावरच्या बायका मागे सरकल्या. एकीने हात जोडले. टेकाडात बाळ टाकलेलं होतं आणि बाळ आता तिथे नव्हतं. कुत्र्यांनी नेलं असेल, हे कुणी बोललं नाही, पण प्रत्येकाने तेच मनात आणलं. रेणुका कप तसाच ठेवून बाहेर आली. अहवालात साडी नेसणाऱ्या बाईचं घर स्पष्ट आलं होतं: केसकर, वरची आळी. आणि त्याखाली पिवळा दिवा.

“मॅडम,” निलोफर चाचरत म्हणाली, “तुम्ही हिला कधी हात लावलात?”

दिव्यापुढे रेणुकेचं नाव होतं.

तिने आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. गाठ उकलेपर्यंत ती काचेच्या अलीकडे आलीच नव्हती. पेशींचा प्रकार तिने पडद्यावर उघडून पाहिला. हाताची कातडी नव्हती ती. पांढऱ्या लेपातल्या पेशी होत्या. थराची तारीख पाहिली. दुधाच्या पिशवीवर जो महिना आणि जे साल होतं, तेच तिच्या जन्मदाखल्यावर होतं.

यंत्राला ना मेहुणा ना पाहुणा. त्याला एवढंच ठाऊक होतं की रेणुका चौघुले ही कर्मचारी आहे, आणि कर्मचाऱ्याचा अंश म्हणजे चुकून लागलेला हात. टेकाडात टाकलेलं बाळ मोठं होऊन त्याच टेकाडावर अधिकारी म्हणून येईल, हे त्याला कुणी पढवलं नव्हतं. रेणुका निलोफरला म्हणाली, हात लागला असेल, आठवत नाही. मग बाथरूममध्ये जाऊन तिने नळ सोडला आणि भिंतीला धरून उभी राहिली.

पुढची गोष्ट सांगावी की नाही असं वाटतं, पण ती झाली. त्या भयंकर धक्क्याच्या तळाशी तिला आनंद झाला. कुंदा केसकर तिच्या गणिताच्या बाई. शाळा सुटल्यावर फुकट शिकवणाऱ्या, परीक्षेच्या दिवसांत ताक-भात वाढणाऱ्या, अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी तिच्याबरोबर जिल्ह्याला आलेल्या. लहानपणी मैत्रिणी आईच्या टोपलीला हसायच्या, तेव्हा ही बाईच आपली आई असती तर, असं रेणुकेने किती वेळा मनात म्हटलं होतं. म्हणजे ते प्रेम उगाच नव्हतं. बाईंनी टाकलं, आईने उचललं, आणि बाई जन्मभर फेडत राहिल्या. सगळं किती नीट जुळत होतं. हिशेब जुळला की तो बरोबरच असतो, असं मानायची खोड तिला बाईंनीच लावली होती.

वेळही फार नव्हता. नवजात बाळाचा मामला म्हणजे दोन दिवसांत अहवाल घराच्या नावासकट पोलिसांकडे जाणार होता. नमुना रद्द ठरला तरच तो थांबणार होता, आणि ते पिवळ्या दिव्याच्या सुनावणीत मुख्याधिकारी ठरवणार होते.

ती केसकरांकडे गेली तेव्हा बाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. रेणुकेने मोबाइलवर साडीचा फोटो पुढे केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं याची वाट पाहिली. पदराजवळ इस्त्रीचं तिकोनी जळकं भोक होतं. बाईंनी चष्मा वर केला आणि त्या चक्क हसल्या.

“अगं, ही माझी! इस्त्री ठेवून फोन घ्यायला गेले नि ही गत झाली. तुझ्या आईनेच तर नेली. काय भांडली होती माझ्याशी! भोक आहे म्हणाली, आणखी एक साडी घेतल्याशिवाय झाकणाचा डबा सोडेना. त्यात अजून तांदूळ असतात माझे. कुठे मिळाली ही?”

टेकाडात, एवढंच रेणुका म्हणाली. बाई म्हणाल्या, असेल बाई, फाटकं काय ठेवायचं, आणि शेंगांकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत काही लपलेलं नव्हतं. ज्या घराचं कापड त्याच घराचा कचरा, असं तिने यंत्राला शिकवलं होतं. आणि ती वाढली होती त्या घरात, जिथे गावभरच्या साड्या येऊन पडत, आईच्या बोचक्यात.

घरी येईपर्यंत तिला दोनदा स्कूटर थांबवावी लागली.

अलकाबाईंनी टोपली खाली ठेवून बरीच वर्षं झाली होती, तरी कापड दिसलं की त्यांची दोन बोटं पोत पाहायला पुढे व्हायची. रेणुकेने फोटो दाखवला तेव्हाही झाली. काचेवरून बोटं फिरली आणि त्या भोकावर थांबली.

“ह्ये कापड सोडून आले व्हते मी,” त्या म्हणाल्या.

“मला गुंडाळून?”

त्यांनी मान डोलावली. नाकारलं नाही, रडल्या नाहीत, आणि रेणुकेला तेच सहन होईना. मग अलकाबाई सांगू लागल्या, खाली बघून, एकसुरी. रेणुका तिसरी पोरगी. नवरा म्हणाला होता की पुन्हा पोरगीच झाली तर तिला घेऊन दारात येऊ नकोस. सकाळी झोपडीत एकट्याच बाळंत झाल्या. दुपारी टोपलीत कपड्यांच्या खाली बाळ ठेवलं, वर भांडी रचली आणि रोजच्यासारखी टोपली डोक्यावर घेतली. उन्हातून गाव ओलांडलं. वाटेत एका घरी बोलावलं तर पातेल्याचा सौदाही केला. बाळ रडलं नाही.

“रडली असतीस तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “कुनीतरी मला धरलं असतं.”

टेकाडावर बोचकं ठेवलं आणि मागे न बघता निघाल्या. वरच्या आळीत केसकर बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली. अलकाबाईंची चोळी दुधाने भिजलेली बाईंना दिसली. त्या रागावल्या, की ओली बाळंतीण तू, टोपली कशाला उचललीस? आत जाऊन त्यांनी आपल्या लेकाची धुऊन ठेवलेली झबली आणली. लेकराची झबली कुणी भांड्यांवर घालत नाही. बाईंनी ती टोपलीत टाकली आणि म्हणाल्या, तुझ्या बाळाला घाल.

“मग मला चालवंना. परत फिरले. तू तिथंच व्हतीस. डोळं उघडं. त्या कापडात तुला परत गुंडाळवंना, म्हनून झबल्यात घेतली आन् ती साडी तिथंच टाकली. तू घरात आलीस आन् तुझा बाप घरातनं गेला.” त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “आमच्या धंद्यात एकदा टाकलेलं परत घेत न्हाईत, रेणू. मी तेवढं एकदाच घेतलं.”

रेणुकेला ओरडायचं होतं. ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा येऊन बसली. या बाईच्या टोपलीची तिला लाज वाटायची. आज सकाळी, क्षणभर का होईना, ही आपली आई नाही म्हणून तिला आनंद झाला होता. आणि याच बाईने तिला टाकलं होतं. यातलं कुठलं आधी बोलावं हे तिला कळेना. अलकाबाईंनी हात पुढे केला आणि तिचा तळवा दोन बोटांत धरला, कापड पाहतात तसा. तिने तो काढून घेतला नाही.

मग म्हातारीने सरळ विचारलं, पोलीस येतील का? रेणुका म्हणाली, माहीत नाही. पण तिला माहीत होतं. मुख्याधिकारी सबनीस तिला मानत. ते पिवळ्या दिव्यावर विश्वास ठेवणार नाहीत आणि फेरतपासणी करतील. फेरतपासणीत यंत्राने पुसलेले घरच्यांचे अंशही वर येणार. आधी बाईंच्या दारात हलगी, मग आईच्या हातात बेड्या. दुसराही एक विचार तिला रात्रभर टोचत राहिला. टेकाड गावाचं, आणि पट्ट्यावरची माणसंही गावचीच. त्यांचं बालपणही त्याच ढिगात पुरलेलं होतं. मग दौलतचा भोवरा?

सुनावणीला सबनीस फाइल न उघडताच म्हणाले, की चौघुले मॅडम उघडा हात लावतील यावर माझा विश्वास बसत नाही, यंत्राचीच चूक असणार. फेरतपासणीला पाठवू. तुमच्या नावाला डाग नको. पट्ट्यावरची सगळी माणसं भिंतीशी उभी होती. दौलतलाही कुणीतरी बोलावून आणलं होतं. आपल्याला गटारात धाडणारीचं काय होतं, ते बघायला तोही आला असावा, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

“फेरतपासणी नको, साहेब,” रेणुका म्हणाली. “हात लागला आहे.”

“हातमोजे घातले नव्हते?”

“नव्हते.”

“विचार करून बोला. हा नियम तुमचाच आहे.”

“विचार केलाय. त्या कापडाला माझं उघडं अंग लागलेलं आहे. मी शपथेवर सांगते.”

ती एवढं खरं आयुष्यात कधी बोलली नव्हती. सबनीसांनी नमुना रद्द केला. नियमाप्रमाणे साडी दुपारी भट्टीत गेली आणि पोलिसांकडे जाणारा अहवाल थांबला. योजनेचं प्रमुखपद रेणुकेकडून काढून घेण्यात आलं. तिला डेपोच्या फाटकावर गाड्या मोजायला बसवलं. उठण्याआधी तिने आणखी एक सांगितलं: दौलत शेळारला पट्ट्यावर परत घ्या, त्या दिवशी हातमोजे मी तपासून दिले नव्हते. हे मात्र खोटं होतं. यंत्र जुने हातही ओळखतं, हे खरं कारण ती सांगू शकत नव्हती. ते सांगितलं असतं तर आई गेली असती.

बाहेर नळाशी दौलत तिची वाट पाहत थांबला होता. हातमोजे तर चांगले होते मॅडम, तो म्हणाला, तुम्ही असं का बोललात? रेणुका जायला निघाली होती, ती थांबली. एवढं तरी ती त्याचं देणं लागत होती.

“दौलत, लहानपणी तुझा भोवरा हरवला होता का रे?”

तो गोंधळला. मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. होता, तो म्हणाला, तांबडा. आजीने रागाच्या भरात कचऱ्यात फेकला होता. तो हसणार होता, पण हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग भट्टीच्या धुराड्याकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. त्याला काय कळलं ते तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. आता एक शब्द, आणि संपलं.

दौलतने नळ बंद केला, हात पँटला पुसले.

“लागतो हात कधी कधी, मॅडम,” तो म्हणाला आणि पट्ट्याकडे निघून गेला.